रेहाना, तुझं हृदय चांगलं होतं

रेहाना,

तुझं हृदय उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. झोयानेही पाहिलं. आयसीयूबाहेरच्या त्या गारठलेल्या पॅसेजमध्ये आम्ही तिघंच होतो. तुझा नवरा आणि तुझी मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू ते हृदय मीच तुला घडवून दिलंय आणि आता त्याची हमीही मीच द्यायची आहे.

"सुजाताताई, ऐकलंत ना? हार्ट एकदम स्ट्राँग आहे म्हणतायत. तुम्ही दोघींनी एवढी मेहनत घेतली, ती कुठे जाईल?" इक्बालभाई म्हणाले.

मी मान हलवली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आहे, रक्त फार साचलंय, शुद्ध येण्याची आशा धरू नका, हेही डॉक्टर त्याच आवाजात बोलले होते. आम्ही तिघांनी त्यातलं एकच वाक्य उचललं आणि ते घेऊन बाकावर बसलो.

तुला जाऊन आता तीन आठवडे होत आले. तू कुठे शिकलीस, किती वर्षं गणित शिकवलंस, तुझ्या शाळेतल्या मुलांचं तुझ्यावर किती प्रेम होतं, हे सगळं लोकांनी व्हॉट्सॲपवर लिहून झालंय. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि बोलायची सवय सुटत नाही म्हणून हे लिहितेय. सकाळी गाडी चालवताना मी शेजारच्या सीटकडे बघून बोलते. परवा सिग्नलला बाजूच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत राहिला.

आपली ओळख पाण्यातली. इथे बहरीनमध्ये, माहूजला माझ्या बिल्डिंगजवळच्या क्लबात बायकांसाठी पोहण्याची वेगळी वेळ होती आणि चाळिशी उलटल्यावर मी तिथे पोहायला शिकत होते, म्हणजे काठ धरून उभी होते. शेजारच्या लेनमधून कुणीतरी दर फेरीला भिंतीला हात लावून मराठीत आकडा म्हणत होतं. "अठरा." थोड्या वेळाने, "एकोणीस." मी न राहवून विचारलं, "तुम्ही मराठी?" तू गॉगल कपाळावर सरकवलास. "रत्नागिरीची. आणि तू काय अशी काठाला चिकटून ऱ्हायलीस गो? पाणी खातंय काय तुला?"

पहिल्याच वाक्यात 'तू'. माझ्या पुणेरी कानांना ते खटकलं, आणि घरी गेल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत होते. नवरा पुलापलीकडे सौदीत नोकरीला, तो येणार आठवड्याच्या शेवटी. घरात मी, एसीचा आवाज आणि ऑफिसातून आणलेली ड्रॉइंग्ज. मला 'गो' म्हणणारं या बेटावर कुणी नव्हतं.

शर्यतीचं खूळ माझं. शेजारच्या देशात हिवाळ्यात होणारी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन. जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, आणि उतरल्यावर पूर्ण मॅरेथॉन. मी तुला फोनवर ते पान दाखवलं तेव्हा तू आधी पोट धरून हसलीस. मग फोन माझ्या हातातून घेतलास, चष्मा लावलास आणि दहा मिनिटं ते पान वाचत राहिलीस. शेवटी म्हणालीस, "पोहणं होईल. धावणं रडतखडत होईल. सायकलवर सात तास बसायचं, तिथे मरू आपण. वर्ष दे मला."

ते वर्ष मी तुला दिलं, आणि त्या वर्षभर तुझ्याशी भांडले.

मला जोरात जायचं होतं. सायकल नवी, पायांत जोर होता. बुदैयाहून झल्लाककडे जाणाऱ्या रस्त्यावर शुक्रवारी पहाटे वाहनं कमी असतात, तिथे मी सुसाट सुटायचे आणि पुढे जाऊन धापा टाकत तुझी वाट बघायचे. तू आपली संथ पायडल मारत यायचीस, हेल्मेटखाली घट्ट बांधलेला स्कार्फ, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. "झाला शौक?" विचारायचीस. तुझं म्हणणं एकच होतं. आधी दमाचा पाया. बोलता येईल इतक्याच वेगाने तासन्‌तास चालवायचं, महिनोन्‌महिने. हृदय मोठं होतं, दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, पाय चरबी जाळायला शिकतात. ताकद नंतर. पाया नसताना ताकद आणलीस तर तिसऱ्या तासाला कोसळशील.

आणि 'बोलता येईल' म्हणजे किती, यावरही आपला वाद. मग तू पाढा काढलास. एकोणतीसचा पाढा, सलग, मधे श्वास न तोडता म्हणता आला तर वेग बरोबर. तुटला तर गिअर हलका कर. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, तुला पावकी-निमकीसुद्धा पाठ. मी इंग्रजी माध्यमातली, माझा पाढा बारापर्यंत आणि तोही इंग्रजीत. मला एकोणतीस पाठ करायलाच दोन आठवडे लागले. झल्लाकच्या रस्त्यावर दोन मध्यमवयीन बायका सायकलवर ओरडून पाढे म्हणतायत, हे ऐकून एकदा पोलिसांची गाडी शेजारून हळू हळू चालत राहिली होती. तू त्यांना हात केलास आणि म्हणत राहिलीस. मी एक जरी आकडा चुकले तरी तुला सहन व्हायचं नाही. दम लागलेला असो, वारा असो, तू लगेच मान वळवून दुरुस्त करायचीस.

उन्हाळ्यात बाहेर चालवणं शक्यच नव्हतं. माझ्या हॉलमध्ये दोन ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचे स्टँड, लावले, त्यांवर दोन सायकली, समोर टेबलफॅन, खाली जुनी बेडशीट. घामाने ती बेडशीट पिळून निघायची. खालच्या मजल्यावरचे केरळचे काका आवाजाची तक्रार घेऊन वर आले आणि आपल्याला बघून नुसतंच "ओके, ओके" करत परत गेले. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की तू बरोबर आहेस. ज्या जोराला वसंतात माझी नाडी दीडशेच्या पलीकडे उड्या मारायची, त्याच जोराला ऑगस्टमध्ये ती एकशेतीसच्या आसपास शांत बसलेली. मी घड्याळ तुझ्यासमोर धरलं. तू म्हणालीस, "बग. गप बसून केलंस म्हणून." आणि माझ्या पाठीवर ओला हात मारलास.

मग ताकदीचे दिवस. इथे चढ कुठले? इथे सित्र्याच्या पुलाचा तेवढा उंचवटा, आणि उत्तरेकडून येणारा शमाल वारा. "घाट नाय तर नाय, वारा हाय ना," तू म्हणालीस. सगळ्यांत जड गिअर, बसूनच चालवायचं, पायडल इतकं सावकाश की प्रत्येक फेरी मांडीत कळावी, पण दम मात्र वर जाता कामा नये. पुलावर वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. शिफ्टला निघालेल्या कंपनीच्या बसमधून कामगार खिडकीला तोंड लावून बघायचे. गुडघे भरून आले की तू काळ्या मिठात घोळलेला खजूर माझ्या तोंडात कोंबायचीस. मला तो आवडायचा नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता घरात तो एक डबा आहे, तूच दिलेला. मला तो टाकता येत नाही आणि खाताही येत नाही.

आपलं शेवटचं बोलणं बुदैयाच्या त्या करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहावाल्याकडे झालं. साडेचार तास चालवून आलो होतो, शेवटचा तास तोंडावर वारा, आणि तरी दोघींची नाडी वर सरकली नव्हती. मी खुशीत होते. तू कप दोन्ही हातांत धरून म्हणालीस, "झोयाची प्रिलिम त्याच आठवड्यात हाय. मी नाय येणार बहुतेक."

"नाही येणार म्हणजे? वर्षभर कशासाठी केलं मग?"

"हे केलं ना." तू हाताने रस्ता दाखवलास. "शर्यतीत आणि वेगळं काय मिळणार हाय?"

"फिनिश लाइन मिळणार आहे."

"ती तुला पायजे गो. मला हेच पायजे होतं."

"आणि मी एकटी जाऊ?"

"जा की. मी काय तुझे पाय मारतंय?"

मी म्हटलं, रविवारी सविस्तर बोलू, मी तुला सोडणार नाही. तू म्हणालीस, इंशाल्ला, आणि चहावाल्याला हाक मारून माझ्यासाठी आणखी एक सांगितलास. भांडण नव्हतं ते. मला फक्त माझा मुद्दा मांडायचा होता. माझ्याकडे चांगला मुद्दा होता, रेहाना. मी तो शनिवारी जेवण करताना मनात पूर्ण जुळवला होता. रविवारी, इथला आठवडा रविवारीच सुरू होतो, शाळेत दुसऱ्या तासाला, फळ्यावर लिहिता लिहिता तू डोकं धरलंस आणि खाली बसलीस. तो मुद्दा आता मी कुणाला सांगू?

आयसीयूत आम्हाला एकेकाला सोडत होते. मी आत आले तेव्हा आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, स्क्रीनकडे बघितलं. सवय. चोपन्न. तुझी विश्रांतीची नाडी नेहमी तिथेच असायची. श्वास यंत्र देत होतं, पण तो आकडा तुझा होता, तुझ्या कमाईचा. चोपन्न, पंचावन्न, चोपन्न. लांबच्या राइडला तिसऱ्या तासानंतर नाडी सरकायला लागते, ती सरकू नये म्हणून आपण वर्षभर झिजलो, आणि तुझी ती तिथे पडल्या पडल्या जराही सरकत नव्हती.

मी तुझ्या कानाशी वाकले आणि पाढा म्हणायला लागले. मला दुसरं काही सुचलं नाही. नर्स फिलिपिनो होती, तिला वाटलं मी प्रार्थना करतेय, ती मागे सरकून उभी राहिली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सातावर आले आणि मुद्दाम चुकले. एकोणतीस सत्ते दोनशे तेरा, म्हटलं. थांबले. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. दोनशे तेरा, रेहाना. तुझ्या पापणीकडे, बोटांकडे, ओठांच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. दोनशे तेरा. चोपन्न, चोपन्न, पंचावन्न.

बाहेर आले तर झोया उभी होती. "आंटी, कॅन शी हिअर अस?" मी म्हटलं, "हो बाळा, ऐकते ती." मी खोटं बोलले की नाही, मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इक्बालभाईंना बाजूला घेऊन समजावलं. मेंदू संपला आहे, यंत्र किती दिवस ठेवायचं हे घरच्यांनी ठरवावं. इक्बालभाई परत आले, भिंतीला टेकले आणि मला म्हणाले, "तिचं दिल चालू आहे, ताई. चालू असलेलं दिल मी कसं बंद करू?" मला तुझं ते हृदय थांबायला हवं होतं, आणि थांबायला नकोही होतं. एका क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. कशाला इतकं तयार केलं आपण ते? कमजोर असतं तर तुझी त्यातून लवकर सुटका झाली असती, झोयाला इतके तास काचेतून बघावं लागलं नसतं. मग लगेच वाटायचं, चालू दे. चालतंय तोवर तू आहेस. मी देवाकडे एका दमात दोन्ही मागत होते आणि देवाने त्यातलं काय ऐकावं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

शेवटी ते आपणहून थांबलं, पहाटे. आधी पन्नासच्या खाली, मग चाळीस, मग तो आकडा उतारावर सोडलेल्या सायकलीसारखा खाली गेला.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. तुमच्यात उशीर करत नाहीत, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर पुरुष तुला घेऊन गेले. मी तुझ्या बुदैयाच्या घरात बायकांमध्ये बसले होते. मध्ये पांढरी चादर, तिच्यावर खजुराच्या बियांचा ढीग. प्रत्येकीने मूठभर बिया घेतल्या आणि सगळ्या एकेक बी बाजूला सारत ओठांतल्या ओठांत काही पढायला लागल्या. तुझ्या थोरल्या जावेने माझ्याही पुढे बिया सरकवल्या. "तुमका जा येता ता म्हना," ती म्हणाली. मला काही येत नव्हतं. मी एकेका बीला तुझं नाव घेतलं. रेहाना, आणि बी सारायची. रेहाना, आणि बी सारायची. बिया संपल्या तेव्हा पुरुष परत आले होते आणि त्यांच्या पायांना माती होती.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "हू वॉज शी टू यू?" मी म्हटलं, "फ्रेंड." ते सॉरी म्हणाले आणि मीटिंग सुरू झाली. पुण्याहून आईचा फोन आला. ती म्हणाली, मैत्रिणीचं सुतक नसतं, उगाच उपाशी राहू नकोस. नवरा आला, दोन दिवस राहिला, माझ्यासाठी खिचडी केली, गेला. सगळे चांगलेच वागले. त्या शेवटच्या राइडनंतर मीच घरी आणून ठेवलेली तुझी सायकल अजून माझ्या हॉलमध्ये ट्रेनरवर आहे. तिच्या हँडलवर तुझा घामाचा नॅपकिन आहे. इक्बालभाई झोयाला घेऊन महिनाभरासाठी रत्नागिरीला गेलेत. सायकलीचं काय करायचं, ते विचारत नाहीत आणि मी विषय काढत नाही.

गेल्या शुक्रवारी मी पहिल्यांदा एकटी निघाले. गाडी नेहमीच्या जागी लावली, सायकल उतरवली आणि झल्लाककडे वळले. शमाल सुटला होता, वाळू रस्त्यावरून वाहत होती. मी जड गिअर टाकला. पाय उत्तम होते, रेहाना. दम उत्तम होता. घड्याळात बघितलं तर नाडी जिथे असायला हवी तिथेच होती, शांत. माझ्या आत एवढा कोलाहल आणि माझ्याच हृदयाला त्याचा पत्ता नाही. ते तुझ्यासारखंच चालत होतं. मला तो आकडा बघवेना. मी रस्त्याच्या कडेला थांबले, सायकल वाळूत आडवी टाकली आणि तिच्याशेजारी बसून मोठ्याने रडले. आयसीयूबाहेर रडले नव्हते, बियांपुढे रडले नव्हते, ते सगळं तिथे निघालं.

एक पिकअप थांबली. मागे हिरव्या गवताच्या पेंढ्या. म्हातारा बहरीनी, बुदैयाकडचा शेतवाला असावा. उतरून आला आणि हिंदीत म्हणाला, "क्या हुआ? साइकल खराब?"

"मफी खराब," मी म्हटलं. खराब नाही.

"गाडी मारा?" गाडीने उडवलं का, असं.

मी मान हलवली.

मग त्याने हळू विचारलं, "घर में कोई?"

"उख्ती," मी म्हटलं. "मेरी उख्ती. खलास." माझी बहीण, संपली. रस्त्यावर भाव करताना वापरायचा 'खलास' मी तुझ्यासाठी वापरला, कारण त्याला कळेल असा दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता.

"अल्ला यरहम्हा," देव तिच्यावर दया करो, तो म्हणाला. सायकल उचलून त्याने गवतावर ठेवली. गाडीत बसल्यावर विचारलं, "हिंद में दफन?" मी म्हटलं, नाही, इथेच. कुठल्या कब्रस्तानात, ते तुझ्या जावेने सांगितलं होतं, मी नाव सांगितलं. "शुफ्ती?" पाहिलंस का, त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने पुढच्या चौकात गाडी वळवली.

सीटच्या मागे त्याच्या बायकोचा काळा, पायघोळ अबाया होता, तो त्याने माझ्याकडे न बघता पुढे केला. मी सायकलच्या कपड्यांवर तो चढवला. फाटकावरच्या माणसाशी तो अरबीत काहीतरी बोलला, मला त्यातलं 'उख्तहा', तिची बहीण, एवढंच कळलं. फाटक उघडलं. "यल्ला," चल जा, तो म्हणाला, आणि स्वतः गाडीतच थांबला.

आत सगळी एकसारखी माती. भिंतीकडच्या शेवटच्या ओळीत ताजे उंचवटे होते, सात-आठ असतील, ओळीने. त्यांवर नावं नव्हती. उशाला एकेक साधा दगड, एवढंच. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. कुठेच काही वेगळं नव्हतं. वाऱ्याने सगळ्यांवर सारखीच वाळू आणली होती. फोन हातात होता. रत्नागिरीला लावला असता तर इक्बालभाईंनी उचलला असता. पण काय विचारू त्यांना? इक्बालभाई, ती कितवी?

मी मधल्या एकीजवळ बसले. हात मातीवर ठेवला. तुझ्याशी बोलायचं ठरवून आले होते, शर्यतीचा माझा मुद्दाही सांगणार होते, पण ही दुसरीच कुणी असली तर, असं वाटून तोंड उघडेना. बसून राहिले.

परत आले तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं, "मिली?"

"मफी," मी म्हटलं.

त्याने गाडी लगेच सुरू केली नाही.

मी येऊन गेले, रेहाना, एवढं तुला सांगायचं होतं. त्या ओळीत कुणाच्या तरी जवळ मी अर्धा तास बसले होते. ती तू होतीस की नव्हतीस, ते तू सांगू शकत नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला विचारायचा मला धीर होत नाही.